चांद्याचा परकोट : जुना दगड, नवा दगड

चंद्रपूरचा किल्ला पाहायला जायचे म्हणजे नेमके कुठे जायचे, याला सरळ उत्तर नाही. रिक्षावाल्याला 'किल्ल्यावर चला' म्हटले तर तो उलट विचारतो, 'कोणत्या गेटला?' उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा, पूर्वेला अचलेश्वर. या चार वेशींखेरीज पाच खिडक्या आहेत : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. या नऊ वाटांच्या आत जे आहे ते सगळे शहर, आणि ते शहरच किल्ला. बाजार, शाळा, तुरुंग, मंगल कार्यालये, औषधांची दुकाने, सगळे किल्ल्यातच. गावाचे नाव १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले; पण गोंदियाकडून येणाऱ्या लोहमार्गावरच्या स्टेशनाने 'चांदा फोर्ट' हे नाव सोडले नाही. त्या स्टेशनावर उतरणाऱ्या परगावच्या माणसाला मात्र फोर्ट शोधावाच लागतो.

ही अडचण पर्यटकाची जितकी आहे तितकीच मराठी वाचकाची आहे. आपली दुर्गदृष्टी सह्याद्रीत घडली. गो. नी. दांडेकरांनी आणि त्यांच्या मागून चालत गेलेल्यांनी आपल्याला गड पाहायला शिकवले. पायथ्याचे गाव, दमवणारी वाट, कातळातला दरवाजा, माथ्यावरचा वारा आणि त्या वाऱ्यात शिवकाळ. या शिकवणुकीचे ऋण मोठे आहे. पण तिच्यात एक अट दडलेली आहे : गड ओस असला पाहिजे. माणसे उठून गेलेली असली की पाहणाऱ्याला मोकळीक मिळते. पडक्या जोत्यावर तो हवा तो वाडा मनातल्या मनात उभा करतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत विदर्भातला एकही नाही. यात अन्याय काहीच नाही. विषयच मराठ्यांचा होता. मात्र त्या आनंदात 'महाराष्ट्राचे किल्ले' आणि 'मराठ्यांचे किल्ले' हे दोन शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी सहज वापरले गेले, आणि गोंड राजांनी बांधलेला, आजही भरलेला, भुईवरचा हा नगरकोट दोन्हींच्या बाहेर राहिला. वैरागड, माणिकगड, बल्लारपूर, टिपागड यांचीही हीच गत. दुर्गविषयक मराठी लेखनात त्यांना जागा मिळते ती बहुधा यादीच्या शेवटी.

म्हणून या लेखात मी चांद्याचा परकोट एखाद्या ग्रंथासारखा वाचायचे ठरवले आहे. मूळ संहिता कोणती, प्रक्षेप कोणते, कुणी कुठे काय खोडले, आणि अलीकडे जे नवे लिहिले जात आहे ते कोणत्या हाताने.

मूळ संहितेची प्रस्तावना म्हणजे सशाची गोष्ट. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गाठी होत्या, उपाय चालत नव्हते. झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी त्याला लागले आणि तो बरा झाला. पुढे त्या जागी अचलेश्वराचे देऊळ झाले. मग एके दिवशी शिकारीत कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्यावर उलटला आणि त्याच्या मागे धावला. मोठा फेर धरून धाव झाली, आणि शेवटी कुत्र्याने सशाला मारले. राणीने सांगितले, ज्या वाटेने ही धाव झाली त्या वाटेवर कोट बांधा. ससा उलटला तिथे आणि मेला तिथे खास बुरूज ठेवा.

ससा कुत्र्यामागे धावल्याच्या कथा दक्षिणेत अनेक शहरांच्या नावावर आहेत; विजयनगरचीही तशीच आहे. तेव्हा कथेतून इतिहास काढण्यात हशील नाही. मला तिच्यात रस आहे तो दुसऱ्या कारणाने. ही कथा आखणी सांगते. परकोट सरळ का नाही, तो मध्येच का वळतो, या प्रश्नाला ती उत्तर देते, आणि ते उत्तर इरई व झरपट या दोन नद्यांच्या काठचे आहे. नदीकाठची उंचवट्याची जमीन धरून जाणारी रेघ सरळ जाणारच नाही. गवंड्याला जे पाण्याने सांगितले ते लोकांनी सशाच्या तोंडी घातले. पठाणपुऱ्याच्या बाहेर पावसाळ्यात इरईचे पाणी चढते तेव्हा या रेघेचे शहाणपण आजही कळते.

१८६९ च्या जमाबंदीच्या वेळी मेजर लुसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याचा जो अहवाल लिहिला, त्यात गोंड राजांची वंशावळ आणि या कथा एकत्र आल्या. पुढच्या बहुतेक लेखकांनी, गॅझेटियरपासून कालच्या वर्तमानपत्रापर्यंत, तेच पाणी आपापल्या घागरीत भरले. अ. ज. राजूरकरांसारख्यांनी मराठीत चंद्रपूरचा इतिहास लिहिला म्हणून निदान स्थानिक वाचकाला ही सामग्री आपल्या भाषेत मिळाली. पण मूळ अडचण कायम आहे. महसूल ठरवायला आलेल्या अधिकाऱ्याने गोळा केलेली राजांची यादी हीच आपली गोंडांच्या इतिहासाची पहिली पोथी आहे. त्याआधीचा एक भक्कम उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त सापडतो : बाबाजी नावाचा गोंड राजा, १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ, दिल्लीला खंडणी न देणारा. त्याच ठिकाणी वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचीही दखल आहे. हे वाचले की 'जंगलातले राजे' ही आपली सोयीची कल्पना थोडी हलते. एवढा कोट बांधायला दगड, चुना आणि मजूर लागतात, तसा वर्षानुवर्षे चालणारा वसूलही लागतो.

कोट लांबीला किती, यावर मात्र पोथ्यांचे एकमत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी ज्ञानकोशांत परीघ साडेपाच मैल दिला आहे, म्हणजे नऊ किलोमीटरांच्या आत. शहरात आज सर्रास सांगितला जातो तो आकडा ११ किलोमीटरांचा. दोन किलोमीटरांचा हा फरक कुणालाच खुपत नाही, याचे मला नवल वाटते. सह्याद्रीतल्या एखाद्या माचीच्या लांबीत वीस पावलांचा फरक निघाला तर आपल्याकडे पत्रव्यवहार सुरू होतो. या आकड्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण तो केवळ हौशी लोकांच्या वादाचा नाही.

प्रक्षेपांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी कोटाला खिंडार पाडले आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. पुढे गोंड राजांच्या वाड्याच्या जागेत तुरुंग आला. वेशी राहिल्या, कारण रस्ते त्यांतूनच जात होते. भिंतीची निगा राखण्याचे कारण मात्र संपले. तिला पाठ लावून घरे झाली, तिच्यावर पिंपळ आणि वड उगवले, तिच्या पायथ्याशी गावाचा केर साठला. आपल्याकडे ही अवस्था सांगताना 'दुरवस्था' हा एकच शब्द वापरतात. मला तो अपुरा वाटतो. पाठ लावलेले घर ही भिंतीची हानी आहे, आणि ती भिंत अजून कुणाच्या तरी उपयोगाची आहे याचा पुरावाही आहे.

१ मार्च २०१७ ला 'इको-प्रो' या चंद्रपूरच्या संस्थेने परकोटाची सफाई सुरू केली. तरुण मुले रोज सकाळी झुडपे तोडत, माती उपसत, बुरुजांवरचा कचरा उतरवत राहिली. दोनशेहून अधिक दिवस हे चालल्यावर त्या वर्षी २९ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरच्या कार्यक्रमात त्याचा उल्लेख झाला आणि शहराला आपल्याच भिंतीची बातमी दिल्लीहून कळली. (ताडोब्याला जाणाऱ्या जिप्सींना ती अजून कळलेली नाही, वाघ पाहायला आलेला माणूस जटपुरा वेशीवरच्या सिंहाकडे मान वर करून पाहतही नाही.) या सफाईने एक मोलाची गोष्ट झाली. भिंतीवरून चालता येऊ लागले. बुरुजांची मोजदाद झाली, ती ३९ भरली. भिंत खालून पाहणे आणि भिंतीवरून शहर पाहणे यात फार अंतर आहे. वरून आत पाहिले की कौलारू घरांची परसे दिसतात, बाहेर पाहिले की नव्या वसाहती, आणि डोक्यात पहिला विचार येतो तो असा की आत कोण आणि बाहेर कोण हे आता उलटे झाले आहे. पैसा भिंतीबाहेर गेला आहे.

रामाळा तलावाच्या बाजूला मी या परकोटाच्या कडेने बराच वेळ चाललो. तलाव, काठची बाग, मुलांचे खेळ, संध्याकाळी फिरायला आलेली माणसे आणि जवळच जुनी भिंत. शहरातल्या बागेतला किल्ला म्हणावा असे दृश्य चंद्रपुरात असेल तर ते हेच. इथे पाहणाऱ्याला डागडुजीचे थर दिसतात. जुना वालुकाश्म काळवंडलेला, कडा झिजलेल्या, सांध्यांत शेवाळ. त्यावर मध्येच नव्या दगडाचे थर, रंगाने फिके, कडा धारदार, सांधे एकसारखे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली ही वास्तू आहे आणि ढासळलेले भाग पुन्हा बांधणे हे त्यांचे कामच आहे. माझा आक्षेप बांधण्याला नाही. मी चाललो त्या पट्ट्यात हा भाग कोणत्या साली पडला, कोणत्या साली बांधला, मूळ उंची कशावरून ठरवली, हे सांगणारे काही मला दिसले नाही, एवढाच माझा मुद्दा आहे. ग्रंथाच्या भाषेत बोलायचे तर संपादकाने पाठ दुरुस्त केला, पण टीप दिली नाही. पंचवीस पावसाळे गेले की हा फिका दगडही काळा पडेल. मग नव्या पिढीच्या अभ्यासकाला जुना कोणता आणि नवा कोणता हे कसे कळणार? आज रंगाचा फरक डोळ्यांना खटकतो म्हणून लोक तक्रार करतात. मला वाटते तो फरक आहे तोवर आपण भाग्यवान आहोत.

इथे मला जपानची आठवण काढावी लागते. २०१९ च्या शरदात कानाझावाला गेलो होतो. तिथला किल्ला मैदा घराण्याचा. मुख्य मनोरा १६०२ मध्ये वीज पडून जळाला आणि तो त्यांनी पुन्हा कधी बांधलाच नाही. पुढे आगी लागत गेल्या. १८७३ मध्ये जपानी सरकारने देशभरातले किल्ले निकालात काढायचा हुकूम काढला. कानाझावाचा किल्ला लष्कराकडे राहिला आणि १८८१ च्या आगीत उरलासुरला बराच भाग गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच आवारात विद्यापीठ भरत होते, ते १९९५ पर्यंत. मग विद्यापीठ गावाबाहेर हलवले आणि आवार शहराची बाग झाले. २००१ मध्ये तिथे एक लांबलचक कोठार आणि त्याच्या टोकाचा बुरूज पुन्हा उभा केला, जुन्या सुतारी पद्धतीने, लाकडात लाकूड अडकवून. त्या बुरुजाचा पाया चौरस नाही. कोन ८० आणि १०० अंशांचे आहेत, त्यामुळे आतला एकेक खांब त्या तिरकसपणाला धरून घडवावा लागला. नंतर एकेक दरवाजा : २०१० मध्ये एक, २०१५ मध्ये दुसरा. आता आतल्या महालाची पुनर्बांधणी त्यांनी हाती घेतली आहे.

हे सगळे ऐकून आपल्याला वाटते, पाहा, वारसा असा जपावा. मलाही पहिला तासभर तसेच वाटले. पांढऱ्या भिंती, शिशाची कौले, एकही डाग नाही. नंतर जाणवले की मी दोन वेगळ्या गोष्टी पाहतो आहे. त्या आवारात १७८८ चा एक दरवाजा खरा उरला आहे, १८५८ चे एक लांब कोठार खरे उरले आहे. त्यांच्याजवळ उभे राहिले की दोनशे वर्षांचे ऊन-पाऊस दिसतात. नव्या कोठारात शिरलो तेव्हा सुतारकाम दिसले, अप्रतिम सुतारकाम, पण ते आजच्या सुताराचे. आणि तिथल्या लोकांनी हे लपवलेले नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. सांधे कसे घातले याचे नमुने आतच मांडले आहेत, कशाच्या आधारे बांधले ते सांगितले आहे. नवे आहे ते नवे म्हणून दाखवले आहे. तरीही एक खोच राहतेच. २००१ च्या त्या कामाला निमित्त होते त्या वर्षी शहरात भरलेल्या बागकामाच्या राष्ट्रीय प्रदर्शनाचे. इतिहासाची निकड अनेकदा जत्रेच्या तारखेवर ठरते. हे आपल्यालाही अनोळखी नाही.

जपानात सगळेच असे काळजीवाहू नाहीत. ओसाकाचा मनोरा १९३१ मध्ये लोकवर्गणीतून काँक्रीटचा बांधला. रूप घेतले एका घराण्याच्या काळातले आणि तो बसवला त्या घराण्याला संपवणाऱ्या दुसऱ्या घराण्याने रचलेल्या दगडी जोत्यावर. आता त्यात लिफ्ट आहे. शहाण्या माणसाने त्याला खोटा म्हणावे. पण तो १९३१ पासून तसाच उभा आहे, महायुद्धातून वाचला आहे आणि त्या शहरातल्या तीन-चार पिढ्यांना दुसरा मनोरा माहीतच नाही. खोटी गोष्टही पुरेशी टिकली की तिला स्वतःचा इतिहास येतो. नागोयाने १९५९ मध्ये बांधलेला काँक्रीटचा मनोरा २०१८ मध्ये बंद केला, तो पाडून लाकडात बांधायचे ठरवले, आणि मग वाद पेटला तो लाकडी मनोऱ्यात अपंगांसाठी लिफ्ट असावी की नसावी यावर. मूळ किल्ल्यात लिफ्ट नव्हती, असे एका बाजूचे म्हणणे. मूळ किल्ल्यात तिकीट काढून येणारे नागरिकही नव्हते, हे त्यांना कुणी सांगितले असेल अशी आशा आहे.

यावर आपल्याकडचे एक ठराविक उत्तर तयार असते : जपानी लोकांचे वेगळे, ते इसेचे देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्यांना जुन्या लाकडाचे प्रेम नाही, आपण मात्र दगडाची माणसे. मला हे पटत नाही. १९९४ च्या नारा परिषदेनंतर या विषयावर जगभर जी चर्चा झाली तिचा सोयीस्कर अर्थ काढून कुणीही काहीही बांधायला निघते. जुन्या दगडावर त्यांचा जीव आहे की नाही ते कुमामोतोला पाहावे. २०१६ च्या भूकंपात तिथल्या दगडी तटबंद्या कोसळल्या. पडलेला एकेक दगड उचलून, क्रमांक घालून, जुन्या छायाचित्रांशी ताडून मूळ जागी बसवायचे काम चालू आहे. मनोरा २०२१ मध्ये खुला झाला. पण सगळी तटबंदी पूर्ण होण्याचे साल त्यांनी पुढे ढकलून २०५२ ठरवले आहे. छत्तीस वर्षे. काम पुरे होईल तेव्हा आपण नसू, हे माहीत असलेल्या माणसांनी ते वेळापत्रक केले आहे.

क्रमांक घातलेले दगड आपल्याकडेही आहेत. चंद्रपुराहून मूलमार्गे गडचिरोली जिल्ह्यात गेले की चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. १८७३-७४ च्या दौऱ्यात कनिंगहॅमने ही देवळे पाहून त्यांवर विस्ताराने लिहिले, तेव्हापासून अभ्यासकांना ती ठाऊक आहेत. मुख्य देवळाच्या शिखरावर वीज पडल्याची आठवण परंपरेत आहे. कानाझावाचा मनोरा आणि मार्कंड्याचे शिखर यांचे दैव सारखे. गोंड राजांच्या काळात त्याची डागडुजी झाली. ती ओबडधोबड होती असे पुरातत्त्वाच्या जाणकारांचे मत. असेल. पण त्या ओबडधोबड टेकूंनी मंडप पुढे शेकडो वर्षे उभा ठेवला. गेल्या दशकात पुरातत्त्व खात्याने शिखराकडचा भाग उतरवून नव्याने रचायचे काम काढले. दगड उतरले, क्रमांक पडले, आणि मग काम वर्षानुवर्षे अडून राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाविकांनी त्यासाठी उपोषण केले. महाशिवरात्रीच्या जत्रेला येणाऱ्या माणसाने वर्षामागून वर्षे उतरवलेले देऊळ पाहिले. पडलेले देऊळ लोक समजू शकतात. उतरवून ठेवलेले देऊळ समजायला अवघड जाते.

कुमामोतो आणि मार्कंडा यांच्यातला फरक तंत्राचा नाही. दगडावर आकडा घालणे दोन्हीकडे जमते. तिथे वेळापत्रक गावापुढे मांडलेले आहे, इथे गावाला विचारत फिरावे लागते. गोंड राजाच्या ओबडधोबड टेकूला मी या कारणाने वरचा नंबर देतो. त्याने हात घातला ते काम पुरे केले.

आता त्या दोन किलोमीटरांकडे वळतो. प्राचीन वास्तू व स्थळांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांपर्यंत नवे बांधकाम पूर्ण निषिद्ध, पुढच्या २०० मीटरांत परवानगीने. एखादे देऊळ किंवा समाधी असेल तर हा नियम एका लहान वर्तुळात मावतो. परकोटाला तो लावला की काय होते ते पाहा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना १००-१०० मीटर धरले तर ११ किलोमीटर भिंतीमागे २२० हेक्टर जमीन निषिद्ध पट्ट्यात येते. भिंत नऊ किलोमीटरची धरली तर १८० हेक्टर. फरक ४० हेक्टरांचा, म्हणजे जवळजवळ शंभर एकर, आणि तीही भरवस्तीतली. कायदा पुस्तकातल्या आकड्यावर चालत नाही, प्रत्यक्ष दगडावर चालतो, हे मान्य. पण दगड जिथे नाही, भिंत जिथे शंभर वर्षांपूर्वी पडून तिची माती झाली, तिथून रेघ ओढायची की नाही? आणि तिथे आज नवी भिंत बांधली तर त्या नव्या भिंतीपासून १०० मीटर मोजायचे का?

परकोटालगतच्या घरात राहणाऱ्या माणसासाठी पुनर्बांधणी हा सौंदर्यशास्त्राचा विषय नाही. आजोबांनी बांधलेल्या घराचे छत गळते. दुरुस्तीला परवानगी लागते, वर खोली चढवता येत नाही, मुलाचे लग्न ठरले आहे. त्याने भिंतीकडे प्रेमाने पाहावे असे आपण लेखांतून सांगतो. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातल्या कुणालाही भिंत पडावी असे वाटत नव्हते. एका म्हाताऱ्या बाईंनी तर भिंतीच्या सावलीचा हिशेब सांगितला : उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की, दुपारनंतर त्यांचे अंगण भिंतीमुळे आधी निवते. 'भिंत आमचीच आहे जी,' त्या म्हणाल्या, 'कागद तेवढे दुसऱ्याचे आहेत.' जटपुऱ्याला वाहने अडकतात म्हणून बाजूची भिंत फोडून रस्ता काढा, असे म्हणणारेही शहरात पुष्कळ आहेत, आणि ते सगळे अडाणी नाहीत. रोज त्या वेशीत अर्धा तास घालवणारे आहेत. कोटाच्या बाजूने बोलणाऱ्याने या दोघांनाही उत्तर दिले पाहिजे. मला सुचणारे उत्तर साधे आहे. आधी परकोट नीट मोजा, उभी भिंत, पडकी भिंत आणि गेलेली भिंत वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा नकाशा मराठीत छापा आणि वेशीवेशीत लावा. नवा दगड त्यानंतर.

चारी वेशींना सागाची नवी भव्य दारे बसवावीत, अशी सूचना एका उत्साही गृहस्थांनी मला केली. साग इथलाच, हे त्यांचे म्हणणे बिनतोड होते. आलापल्लीच्या जंगलातला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून गेला. मग चांद्याच्या वेशींनी काय पाप केले? मोह पडावा अशी कल्पना आहे. पण ज्या वेशीतून दिवसरात्र दुचाक्या आणि रुग्णवाहिका जातात ती वेस कधी बंद व्हायचीच नाही, आणि कधीही न मिटणारे दार म्हणजे नेपथ्य. पुण्याच्या शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीनंतर उरलेल्या जोत्यांवर हिरवळ लावून आपण जे केले, त्यात निदान वाड्याचे सोंग तरी आणलेले नाही. वेशीवरचा हत्तीला नमवणारा सिंह झिजला आहे. तो झिजलेलाच राहू द्यावा. लालपेठला मोठमोठ्या अखंड पाषाणांत कोरलेल्या मूर्ती उघड्यावर आहेत, एक दशमुखी देवी तर माणसाच्या चौपट लांबीची. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याला त्यांच्यासाठी देऊळ बांधायचे होते, ते झाले नाही, असे सांगतात. ते देऊळ आपण पूर्ण करावे असे कुणी म्हणत नाही, आणि त्या जागेचा प्रभाव त्यामुळेच आहे.

उरला वाडा. किल्ला म्हटल्यावर लोक ज्याला शोधतात, तो गोंड राजांचा वाडा तुरुंगाच्या भिंतीआड गेला. गोंड समाजातले काही तरुण म्हणतात की तुरुंग हलवा आणि तिथे राजवाडा पुन्हा उभा करा. बाहेर नेलेल्या विद्यापीठाचे उदाहरण मीच त्यांना सांगितले, त्यामुळे मला आता मागे फिरता येणार नाही. तुरुंग हलवता येईल. पण कानाझावाच्या लोकांजवळ जुने आराखडे होते, छायाचित्रे होती, उत्खनन होते. तसे काही हाताशी असल्याशिवाय उभा केलेला वाडा हा गोंडांचा वाडा होणार नाही. तो राजस्थानी महालांचे आणि चित्रपटांच्या सेटचे मिश्रण होईल, आणि गोंडांचे म्हणून दाखवले जाईल ते पुन्हा एकदा दुसऱ्यांनी रचलेले असेल. लुसी स्मिथच्या पोथीनंतर ही दुसरी पोथी कशाला?

शिवाय त्या आवाराचा सर्वांत जड थर राजांचा नाहीच. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला याच तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. तुरुंग होता म्हणून ती जागा लोकांच्या ध्यानात राहिली. पूर्वजांच्या वाड्यात, परक्यांच्या कैदेत, पिंपळाच्या झाडाला. राजवाडा उभारायचा तर हा थर खरवडावा लागेल, आणि हा थर ठेवायचा तर तुरुंगाची निदान एक भिंत ठेवावी लागेल. जपानच्या कोणत्याही किल्ल्यात मला या पेचाचे उत्तर सापडले नाही.

दर वर्षी त्या तारखेला गडचिरोलीच्या दूरच्या गावांतून माणसे तुरुंगापाशी येतात. त्यांची आलेली वाट बहुधा अचलेश्वर नाहीतर जटपुरा वेशीतून असते. त्या दिवशी वेशीत वाहने नेहमीपेक्षा जास्त अडतात.